हवेतून पडणाऱ्या वस्तूचं त्वरण: आकडेमोड कोणत्या क्रमाने करायची आणि ती कुठे चुकते

संध्याकाळच्या बॅचला बारावीच्या एका मुलीने वही पुढे केली. गच्चीवरून टेबल टेनिसचा चेंडू सोडला, तर एका सेकंदानंतर त्याचं त्वरण किती, असा प्रश्न होता. तिचं उत्तर आलं होतं उणे १.७४. सूत्र बरोबर, एककं बरोबर, गुणाकार दोनदा तपासलेला. "सर, चेंडू खाली येतोय आणि त्याला कुणी वर ढकलतंय, असं होईल का?" तिला स्वतःलाच ते उत्तर पटत नव्हतं.

इंदूरला राजेंद्र नगरात मी भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेतो. हवेचा रोध आला की मुलं दर वर्षी याच ठिकाणी अडतात. सूत्र त्यांना पाठ असतं, पण कोणता आकडा आधी काढायचा आणि कोणता नंतर, ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून इथे सगळं क्रमाने मांडतो. उदाहरणासाठी शेवटपर्यंत तोच टीटीचा चेंडू घेऊ.

आधी शब्दांचं बघू, कारण आपल्याकडे मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात. शाळेतलं द्रव्यमान म्हणजे आपलं वस्तुमान, आणि घनत्व म्हणजे घनता. 'अंतिम वेग' आणि 'सीमांत वेग' या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. अंतिम वेग म्हणजे गणितातल्या शेवटच्या क्षणाचा वेग, मग तो कितीही असो. सीमांत वेग म्हणजे ज्या वेगाला हवेचा रोध वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो, तो. या दोघांची अदलाबदल झाली की पुढचं काहीच जुळत नाही.

१. प्रश्न पुरा करून घ्या

हवा नसेल तर पडणाऱ्या वस्तूचं त्वरण सगळा वेळ एकच असतं. हवा असली की ते दर क्षणी बदलतं. सुटल्या क्षणी सगळ्यात जास्त असतं, मग कमी होत होत शून्याकडे जातं. त्यामुळे "त्वरण किती?" एवढ्याने भागत नाही. किती वेगाला, किती वेळाने, की किती उंची पडल्यावर? तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत: वेग दिला असेल तर पायरी ५, वेळ दिली असेल तर पायरी ६, उंची दिली असेल तर पायरी ७.

इशारा: त्वरण बदलतं आहे, म्हणजे शाळेत शिकलेली गतीची तिन्ही समीकरणं इथे पूर्ण प्रवासाला लावता येत नाहीत. ती स्थिर त्वरणासाठीच आहेत.

२. पाच आकडे गोळा करा

हे पाचही आकडे कागदावर उतरल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊ नका.

गुरुत्व त्वरण. याला पुढे 'ग' म्हणू. इंदूरच्या अक्षांशाला आणि उंचीला ते ९.७९ मी./से.² येतं. पुस्तकातलं ९.८१ घेतलंत तरी फरक ०.२ टक्के, त्यावर वेळ घालवू नका. परीक्षेत जे दिलं असेल ते घ्या.

हवेची घनता. इथे मात्र थांबा. पुस्तकात १.२९ किंवा १.२२५ किलो प्रति घनमीटर लिहिलेलं असतं. पहिला आकडा समुद्रसपाटीला शून्य अंश तापमानाचा, दुसरा समुद्रसपाटीलाच १५ अंशांचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे ९५,००० पास्कल असतो, आणि मे महिन्यात दुपारी पारा ४० वर असतो. घनता अशी काढा:

घनता = दाब ÷ (२८७ × तापमान केल्व्हिनमध्ये)

२७ अंशांना, म्हणजे ३०० केल्व्हिनला, ९५,००० ÷ ८६,१०० = १.१०. मे महिन्यातल्या ४० अंशांना १.०६ आणि जानेवारीतल्या १० अंशांच्या सकाळी १.१७. म्हणजे एकाच गच्चीवर उन्हाळ्या-हिवाळ्यात दहा टक्क्यांचा फरक पडतो. मी स्वतः बरीच वर्षं १.२९ घेऊन उदाहरणं सोडवून देत होतो, आणि मुलांनी केलेला प्रयोग गणिताशी जुळला नाही की दोष त्यांच्या मोजणीला देत होतो. ते चुकीचं होतं.

इशारा: मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, १००० ते १०१५ हेक्टोपास्कल असा (एक हेक्टोपास्कल म्हणजे शंभर पास्कल). तो इथला खरा दाब नव्हे. तो घेतलात तर घनता सहा-सात टक्क्यांनी जास्त येईल.

वस्तुमान. किलोमध्ये. टीटीचा चेंडू २.७ ग्रॅमचा, म्हणजे ०.००२७ किलो. इथे एक शून्य कमी-जास्त होणं ही सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आहे.

समोरचं क्षेत्रफळ. वस्तू खाली येताना तिच्या बरोबर खालून वर पाहिलं तर जेवढा आकार दिसेल, तेवढंच. चेंडूसाठी ते एका वर्तुळाचं क्षेत्रफळ असतं, पूर्ण पृष्ठफळ नव्हे. पृष्ठफळ घेतलं तर रोध थेट चौपट होतो. टीटीच्या चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर, म्हणून त्रिज्या ०.०२ मीटर, आणि क्षेत्रफळ ३.१४१६ × ०.०२² = ०.००१२५७ चौ. मी. व्यासाचा वर्ग केला तरीही चौपटच चूक होते.

रोध गुणांक. आकार हवेला किती अडवतो, ते सांगणारा हा आकडा. याला एकक नाही. गुळगुळीत चेंडूला आपल्या वेगांना ०.४७ चालतो, सपाट तबकडी आडवी पडली तर १.१ च्या आसपास. इतर आकारांसाठी तो अंदाजाने लिहू नका, मोजा. मोजायची रीत पायरी ९ मध्ये आहे.

३. वेगाचा वर्ग घ्यायचा की नुसता वेग?

पुस्तकात दोन नियम असतात. एकात रोध वेगाच्या प्रमाणात वाढतो, दुसऱ्यात वेगाच्या वर्गाच्या. कोणता घ्यायचा हे आवडीने ठरत नाही. त्यासाठी रेनॉल्ड्स अंक काढा. हवेचा जडपणा तिच्या चिकटपणाच्या मानाने किती भारी पडतो, ते तो सांगतो:

रेनॉल्ड्स अंक = घनता × वेग × व्यास ÷ हवेची श्यानता

श्यानता, म्हणजे हवेचा चिकटपणा, २७ अंशांना ०.००००१८५ पास्कल-सेकंद घ्या. टीटीचा चेंडू ९ मी./से. वेगाला: १.१० × ९ × ०.०४ ÷ ०.००००१८५, म्हणजे सुमारे २१,०००. अंक हजाराच्या वर असेल तर वेगाचा वर्ग. एकच्या खाली असेल तर नुसता वेग, तोच स्टोक्सचा नियम. धुक्याचा ०.०२ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला जेमतेम १.२ सेंटिमीटर खाली येतो आणि त्याचा अंक ०.०१४ येतो. तिथे स्टोक्स बरोबर. चेंडू, दगड, बॅडमिंटनचं फूल, मोठा पावसाचा थेंब या सगळ्यांना वर्गाचाच नियम लागतो.

इशारा: प्रश्नात "रोध वेगाच्या प्रमाणात आहे असे माना" असं छापलेलं असेल तर प्रश्नाचं ऐका. तिथे खाली दिलेली सूत्रं चालणार नाहीत.

४. 'क' आणि सीमांत वेग, याच क्रमाने

आता ग सोडून बाकीचे चारही आकडे एका आकड्यात गुंडाळून टाकू.

क = घनता × रोध गुणांक × क्षेत्रफळ ÷ (२ × वस्तुमान)

चेंडूसाठी: १.१० × ०.४७ × ०.००१२५७ ÷ ०.००५४ = ०.१२०३ प्रति मीटर.

सीमांत वेग = (ग ÷ क) चं वर्गमूळ = (९.७९ ÷ ०.१२०३) चं वर्गमूळ = ९.०२ मी./से.

इशारा: बऱ्याच पुस्तकांत 'क'ऐवजी 'के' असतो आणि त्यात वस्तुमानाने भागलेलं नसतं, ते तिथे वेगळं भागायचं असतं. आपल्या 'क'मध्ये ते आधीच भागून घेतलेलं आहे. एका पुस्तकातून सूत्र आणि दुसऱ्यातून 'के' उचलला की वस्तुमानाने एक तर दोनदा भागलं जातं किंवा एकदाही नाही. खात्री हवी असेल तर एकक पाहा: आपल्या 'क'चं एकक 'प्रति मीटर' हेच यायला हवं.

तपासणी: सीमांत वेग मनाला पटतो का? टीटीच्या चेंडूला ९ ठीक आहे, वेगात चालवलेल्या सायकलपेक्षा थोडा जास्त. क्रिकेटच्या लेदर बॉलला (१६० ग्रॅम, व्यास ७.२ सेंटिमीटर) याच रीतीने ३८ ते ३९ येतो. टीटीच्या चेंडूला २८५ आला असेल तर ग्रॅमचे किलो केले नाहीत, असं समजा.

५. वेग दिला असेल तर

ही सगळ्यात सोपी वाट.

त्वरण = ग − क × वेग²

चेंडू ५ मी./से. वेगाने खाली येत असताना: ९.७९ − ०.१२०३ × २५ = ६.७८ मी./से.² संपलं. हवं तर दुसऱ्या रूपात करून पडताळा: ग × (१ − वेग² ÷ सीमांत वेग²). दोन्ही उत्तरं सारखीच यायला हवीत.

सीमांत वेगाला त्वरण शून्य येतं. शून्य त्वरण म्हणजे चेंडू थांबला नाही, त्याचा वेग वाढायचा थांबला. हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो, आणि तरीही पेपरात दर वर्षी कुणीतरी चेंडू हवेत थांबवून येतं.

६. वेळ दिली असेल तर: छोट्या पायऱ्या

आता त्या मुलीच्या वहीकडे येऊ. तिने वेग = ग × वेळ असं करून एका सेकंदाचा वेग ९.७९ काढला आणि तो त्वरणाच्या सूत्रात घातला. ९.७९ हा वेग हवा नसतानाचा आहे. सीमांत वेगच ९.०२ असताना चेंडू शून्यापासून सुटून ९.७९ पर्यंत पोहोचेलच कसा? रोध वजनापेक्षा मोठा झाला आणि उत्तर उणे आलं. वेग काढताना हवा विसरायची आणि त्वरण काढताना आठवायची, असं करता येत नाही.

बरोबर रीत अशी. वेळेचे छोटे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात तीनच कामं, आणि याच क्रमाने:

पहिलं, आत्ताच्या वेगावरून आत्ताचं त्वरण काढा.
दुसरं, त्या त्वरणाला तुकड्याच्या वेळेने गुणून वेगात मिळवा.
तिसरं, घड्याळ पुढे न्या आणि नव्या वेगावरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

०.२ सेकंदाचे तुकडे घेतले की:

० से.: वेग ०, त्वरण ९.७९
०.२ से.: वेग १.९६, त्वरण ९.३३
०.४ से.: वेग ३.८२, त्वरण ८.०३
०.६ से.: वेग ५.४३, त्वरण ६.२४
०.८ से.: वेग ६.६८, त्वरण ४.४२
१.० से.: वेग ७.५६, त्वरण २.९१

उणे गेलं, पण उत्तर अजून बरोबर नाही. तुकडा अर्धा करा, ०.१ सेकंद: एका सेकंदाला त्वरण ३.२७. आणखी अर्धा, ०.०५: ३.४४ च्या आसपास. खरं उत्तर ३.६० आहे. प्रत्येक तुकड्यात आपण सुरुवातीचं, म्हणजे मोठं त्वरण पूर्ण तुकडाभर धरतो. त्यामुळे वेग नेहमी थोडा जास्त आणि त्वरण थोडं कमी येतं.

तुकडे बारीक करत बसण्यापेक्षा मी मुलांना मधल्या वेगाची युक्ती शिकवतो. तुकड्याच्या सुरुवातीच्या त्वरणाने फक्त अर्धा तुकडा पुढे जा, तिथला वेग काढा, त्या वेगावरचं त्वरण काढा, आणि हे मधलं त्वरण घेऊन मूळ सुरुवातीपासून पूर्ण तुकडा ओलांडा. पहिल्या तुकड्यात पाहा: ०.१ सेकंदाला वेग ०.९७९, तिथे त्वरण ९.६७, म्हणून ०.२ सेकंदाला वेग १.९३. असं पाच वेळा केलं की एका सेकंदाला वेग ७.१५ आणि त्वरण ३.६४. तेच ०.२ चे तुकडे, पण चूक एक टक्क्याच्या थोडीच वर. त्या मुलीने हे अर्ध्या पानात करून दाखवलं.

तुकडा केवढा घ्यायचा? सीमांत वेगाला ग ने भागा, इथे ०.९२ सेकंद, आणि त्याचा दहावा भाग घ्या.

तपासणी: तुकडा अर्धा करून पुन्हा करा. उत्तर जवळपास हललं नाही तरच लिहा. आणि शांतपणे सोडलेल्या वस्तूचं त्वरण कुठेही उणे आलं, तर तुकडा फार मोठा झाला आहे.

एक्सेलमध्ये करत असाल तर नव्या ओळीतला वेग वरच्या ओळीतल्या त्वरणावरून काढा. त्याच ओळीतलं त्वरण घेतलंत तर सूत्र स्वतःभोवतीच फिरतं.

कॅल्क्युलेटरवर टॅनएचचं बटण असेल तर थेटही जाता येतं: वेग = सीमांत वेग × टॅनएच (ग × वेळ ÷ सीमांत वेग). एका सेकंदाला ७.१७ येतो, तो पायरी ५ मध्ये घाला. पण तुकड्यांची रीत हाताने एकदा करा. घनता किंवा आकार वाटेत बदलत असेल तर तीच कामाला येते.

७. उंची दिली असेल तर

त्वरण = ग × २.७१८ चा घात (−२ × ग × पडलेली उंची ÷ सीमांत वेग²)

१० मीटर, म्हणजे साधारण तीन मजले पडल्यावर टीटीच्या चेंडूसाठी घात −२.४१ येतो आणि त्वरण ०.८८ उरतं. क्रिकेटच्या बॉलसाठी घात −०.१३, त्वरण ८.६. जागा तीच, उंची तीच: एकाचं त्वरण जवळजवळ संपलेलं आणि दुसऱ्याला हवेची फारशी दखलच नाही. वेळही बघा. हवा नसती तर दोघांना १.४३ सेकंद लागले असते. बॉलला १.४५ लागतात, टीटीच्या चेंडूला १.७३. "जड वस्तू आधी पडते का?" या वादात लोक एकमेकांचं ऐकत नाहीत, त्यांना हे तीन आकडे दाखवावेत.

इशारा: उंची म्हणजे सुटल्यापासून पडलेलं अंतर, जमिनीपासूनची उंची नव्हे.

८. चेंडू वर फेकला असेल तर

रोध नेहमी गतीच्या विरुद्ध असतो. वर जाताना तो खाली ओढतो, म्हणून वजाबाकीऐवजी बेरीज होते. ५ मी./से. वेगाने वर जाताना चेंडूचं त्वरण खालच्या दिशेने ९.७९ + ३.०१ = १२.८०, आणि त्याच वेगाने परत येताना ६.७८. वेगाचा वर्ग करताना चिन्ह हरवतं, म्हणून सूत्र आपोआप बदलत नाही, ते तुम्हालाच बदलावं लागतं. सगळ्यात वरच्या बिंदूला त्वरण पूर्ण ९.७९ असतं. तिथे शून्य असतो तो वेग.

९. रोध गुणांक मोजायचा असेल तर: द्रोणांचा प्रयोग

पोहे-कचोरीच्या ठेल्यावर मिळतात तसले कोरे कागदी द्रोण आणा, एकाच गठ्ठ्यातले. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो, म्हणून वीस द्रोण एकत्र तोला आणि वीसने भागा. सराफ्यात ओळखीचा सोनार असेल तर त्याच्या काट्यावर एकच तोलून आणा, तेही उत्तम. आमचा द्रोण ३ ग्रॅमचा होता, तोंडाचा व्यास १४ सेंटिमीटर, म्हणून क्षेत्रफळ ०.०१५४ चौ. मी.

प्रयोग गच्चीवर करू नका. वाऱ्याची साधी झुळूकही पूर्ण मोजणी वाया घालवते. बिल्डिंगचा बंद जिना बरा, पंखे बंद असलेला हॉल त्याहून बरा. स्टुलावर उभं राहणाऱ्याला कुणीतरी धरून ठेवा. भिंतीवर टेप लावून दर अर्ध्या मीटरवर खडूची खूण करा, मोबाइल व्हिडिओ सुरू करून त्या खुणांच्या मधोमध, भिंतीपासून लांब ठेवा, आणि द्रोण तळ खाली करून सोडा. ढकलू नका, नुसती बोटं उघडा.

पहिला एक मीटर सोडून द्या. पुढचे दोन मीटर पार करायला आमच्या द्रोणाला १.० सेकंद लागला. सीमांत वेग २.० मी./से. आता सूत्र उलटं फिरवा:

रोध गुणांक = २ × वस्तुमान × ग ÷ (घनता × क्षेत्रफळ × सीमांत वेग²) = ०.०५८७ ÷ ०.०६७८ = ०.८७

मग चार द्रोण एकात एक बसवून सोडा. आकार तोच, वस्तुमान चौपट, म्हणून सीमांत वेग दुप्पट, ४.० यायला हवा. मुलांना इथे ३.७-३.८ मिळतो आणि सिद्धांतच चुकला असं वाटतं. चूक मोजण्याच्या जागेत आहे. एका द्रोणाचं त्वरण एक मीटर पडेपर्यंत १ टक्क्याच्या खाली येतं, पण चार द्रोणांचं त्या जागी अजून २९ टक्के शिल्लक असतं. त्यांना तेवढ्यासाठी चार मीटर लागतात. म्हणून चारचा प्रयोग जिन्यातच करा, आणि मोजणी चार मीटरनंतर सुरू करा.

हा प्रयोग फक्त सीमांत वेगासाठी आहे. द्रोण सुटल्या क्षणी त्वरण ९.७९ येतं का, हे व्हिडिओवरून पाहायला जाल तर बरंच कमी मिळेल. रुंद आणि हलक्या वस्तूला सुरुवातीला स्वतःबरोबर आजूबाजूची हवाही हलवावी लागते, आणि आपल्या ३ ग्रॅमच्या द्रोणाला ती हवा साधारण एक ग्रॅमची पडते. आपल्या सूत्रात ती धरलेली नाही. टीटीच्या चेंडूला तीच अडचण एक टक्क्याच्याही आत राहते, म्हणून सुटतानाचं त्वरण मोजायचं असेल तेव्हा चेंडूच घ्या.